नाव कमी केल्याचा दाखला

न्हावरे,
९ ऑगस्ट १९९८

रंभाताईंना नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमच्या जागी आलेली. एवढं वाचूनच तुम्ही हे पत्र चुलीत घालाल, म्हणून आधी सांगते की तुमचं पत्र चुलीत जाता जाता मी वाचवलंय.

गेल्या सोमवारी तुमचं आंतरदेशीय आलं. पोस्टमन गेणबाकडून ते आत्याबाईंनी घेतलं. तुळजाबाई, तुमच्याही सासूच की त्या! वाचता येत नाही, पण गेणबा "केडगावचं हाय" म्हणाल्यावर त्यांना कळलं, तुमचंच. मुकाट्यानं गोवऱ्यांच्या पाटीत खोचून ठेवलं. सकाळी चूल पेटवायला गोवरी उचलली तर खाली निळा कागद. तीनच ओळी होत्या. "माझं नाव तुमच्या रेशनकार्डावरून कमी करून तसा दाखला पाठवावा. इथं कार्ड काढायचं आहे. बाकी मला काही नको."

चहा उतू गेला तरी मला कळलं नाही. कारण ताई, ते नाव या घरात माझं आहे.

आता नवऱ्याला काय म्हणून लिहू? माझे 'हे' ते तुमचेही 'हे'. तेव्हा सरळ भारतच लिहिते. तोंडानं कधी घेतलं नाही, कागदावर घ्यायला काय जातंय! तर लग्नात भारतनं ताटातल्या तांदळावर अंगठीनं नाव लिहिलं, 'रंभा'. माहेरचं माझं नाव नकुशी. आईला चौथी मुलगी झाली, मग आणखी काय ठेवणार? यवतच्या बाजूला आमच्या गावात माझ्या वयाच्या तीन नकुशी आहेत. मांडवात सगळ्या म्हणाल्या, बरं झालं बाई, पीडा गेली. मीही खूष. रंभा म्हणजे काय साधं नाव!

अंगाची हळद निघाली नव्हती तोवर शेजारच्या ललितावहिनींनी नळावर सांगितलं, "पहिलीचंच नाव ठिवलंय गं. कार्डावर खाडाखोड नगं, मतदार यादीत नगं. तुळजाबाईंनी डोकं चालवलं." आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, यांनी सांगितलं होतं की काडीमोड रीतसर झालाय. तुमच्या तीन ओळी वाचल्या तेव्हा कळलं, कागदावर काहीच झालेलं नाही. तुम्ही गेलात आणि तुमच्या नावात मला बसवलं.

तुमचा हंडा मी वापरते, नाव कोरलेला. राग मानू नका.

मी नववीत नापास झाले, पण दहावी एका दमात पास झाले. म्हणून पत्र लिहिता येतंय. उत्तर पाठवलंत तर माझ्या खऱ्या नावानं पाठवा.

नकुशी

(दोन वर्षांनी लिहिलं हे नाव. 'कु' आधी जरा वाकडा आला.)


न्हावरे,
३० ऑगस्ट १९९८

रंभाताई,

तुमचं उत्तर परत जात होतं, माहीत आहे का? गेणबा दारात सायकल टेकवून मोठ्यानं म्हणाला, "नकुशी? ह्या नावाचं हितं कोण न्हाई," आणि निघाला. मी गोठ्यात, हात शेणात. तशीच पळाले. तो म्हणतो, "तू तर रंभा." म्हटलं, "गेणबामामा, रंभा केडगावात असती. नकुशी मी." त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं, पण पाकीट दिलं. आता तुमचं पत्र तो माझ्याच हातात देतो आणि वर विचारतो, "काय म्हणत्यात रंभाबाई?"

तुम्ही दवाखान्यात आयाचं काम करता, खोली भाड्याची आहे, कार्ड नाही म्हणून रॉकेल मिळत नाही, शेजारणीकडं हात पसरावा लागतो. हे वाचून मला माझीच लाज वाटली. तुमच्या नावाचं रॉकेल आमच्या स्टोव्हात जळतंय.

भारतला विचारलं. ते म्हणाले, "आईला विचार." आईला विचारलं. आत्याबाईंनी हातातली भाकरी तव्यावर तशीच सोडली आणि म्हणाल्या, "आन् येकदा का तिचं नाव काढलं, का मग तू कोण गं ह्या घरची? कागूद दाखीव! आन् उद्या ती वाटा मागाया आली तर?"

ताई, खरं सांगते. चार दिवस मी गप्प बसले. त्यांचं बोलणं आत जाऊन बसलं होतं. कागदावर बायको तुम्ही, मी कोणीच नाही. मनात आलं, राहू दे की बाईचं नाव आपल्याकडं, ती तिकडं काय उपाशी मरत नाही. असं मनात आलं हे तुम्हाला सांगायची काही गरज नव्हती. तरी सांगितलं.

मग पाचव्या दिवशी ग्रामसेवक आले. आमच्या वस्तीला अंगणवाडी मंजूर झालीय. सेविका वस्तीतलीच हवी, दहावी पास. वस्तीत दहावी पास बाई किती? एक! मी उभी राहिले. ते म्हणाले, शाळेचा दाखला आणि रेशनकार्ड, दोन्हीवर एकच नाव पाहिजे. अर्ज जानेवारीच्या एकतीस तारखेपर्यंत.

म्हणजे आता बघा. तुम्हाला तुमचं नाव या कार्डावरून काढून हवंय आणि मला माझं घालून हवंय. दोघींचं अडलंय एकाच ओळीत. मी सोडणार नाही आता.

तुम्ही शेवटी विचारलंय, मूल आहे का. त्याचं पुढं लिहीन.

नकुशी


न्हावरे,
२१ सप्टेंबर १९९८

रंभाताई,

आज घट बसले. मूल नाही. मागच्या पत्रात लिहायला जीभ रेटली नाही. म्हणजे हात. काय ते समजून घ्या.

आत्याबाई आता काय म्हणतात, ऐकाल तर हसाल. "ह्या नावालाच गुण न्हाई." नावाला! तुमच्या वेळी दोष तुमच्यात होता, आता नावात आहे. म्हटलं, आत्याबाई, मग बदला की नाव. तर म्हणतात, "कार्डाचं काय करू?"

मी हट्ट धरला, शिरूरला डॉक्टरीणबाईंकडं जायचं, दोघांनी जायचं. एकटी जाणार नाही. भारत आठ दिवस टाळत होते. कांद्याची रोपं, गाईचं पोट, डेअरीचं इलेक्शन, सगळं झालं. शेवटी मी डब्यात भाकरी बांधून गाडीवर आधीच जाऊन बसले. उतरायलाच तयार नाही म्हटल्यावर किक मारली त्यांनी.

तपासण्या झाल्या. रिपोर्ट पुढल्या आठवड्यात. परत येताना ते एकदम म्हणाले, "ती पण म्हणायची, चला म्हणून. लई डाव म्हणली." तुम्ही किती वेळा म्हणाला होतात?

नकुशी


न्हावरे,
१ ऑक्टोबर १९९८

ताई,

माझ्यात काही नाही. तुमच्यातही काही नव्हतं. रिपोर्ट भारतचा तसा आला.

सहा वर्षं तुम्ही ऐकून घेतलंत. उपास केलेत, कुणाकुणाचे अंगारे खाल्लेत, ते ललितावहिनींनी मला सांगितलंय. शेवटी दुसरी आणायचं ठरलं तेव्हा निघून गेलात. ताई, तुमचा दोष नव्हता. हे तुम्हाला कुणीतरी लिहून द्यायला पाहिजे होतं, म्हणून लिहून देते.

आज दसरा आहे. सोनं पाकिटात घातलंय, आपट्याची दोन पानं.

नकुशी


न्हावरे,
१२ ऑक्टोबर १९९८

रंभाताई,

पाकिटात दाखला आहे, आधी तो काढून घ्या, फाटेल. शिक्का नीट बघा, तहसील कार्यालय, शिरूर.

कसं झालं ते सांगते. रिपोर्ट आल्यापासून भारत जेवायचे पण मान वर करायचे नाहीत. बोलायचं खूप होतं, पण त्या माणसाला बघून दया यायची. तुम्हाला येईल का दया, माहीत नाही. न आली तरी तुमचं बरोबरच आहे.

शुक्रवारी सकाळी धार काढताना त्यांनी आईला सांगितलं. तोंड गाईकडं, पाठ आईकडं. "आये, रंभात काय नव्हतं. हिच्यात बी न्हाई. माझ्यात हाय." मी दारात चाऱ्याची पाटी घेऊन उभी. त्या दिवशी आत्याबाईंनी भाकरीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून आल्या आणि भारतला म्हणाल्या, "जा शिरूरला. कमी कर तिचं नाव." मग माझ्याकडं बघून, "बोलू नये ते बोलले मी तिला. पार जिवाला लागंल असं बोलले." एवढंच. त्या कुणाची माफी मागतील असं मला मेल्यावरही वाटलं नसतं.

तर कचेरीत साहेबांनी तुमच्या नावावर लाल शाईनं रेघ मारली. मी म्हटलं, आता माझं घाला. नकुशी भारत. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "लग्नाचा पुरावा?" भारत खाली बघायला लागले. तुम्ही असताना माझ्या लग्नाचा पुरावा कुठून आणणार? साहेब समजले, माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "मग असं करा, माहेरच्या कार्डावरनं नाव कमी केल्याचा दाखला आणा. एका कार्डावरनं निघालं की दुसऱ्यावर घालता येतं. कुठंच नसेल तर कसं घालू?" वर म्हणतात, "नाव तरी चांगलं घ्या बाई, समृद्धी घ्या, गौतमी घ्या." म्हटलं, साहेब, एकदा चांगलं घेऊन बघितलंय.

काही अवघड नाही. दिवाळीला माहेरी जाणारच आहे, अण्णांकडून दाखला घेऊन येते. माझं माहेरही दौंड तालुक्यातच, तेव्हा दौंड तहसीलमधून तुमचं कार्ड आणि माझा दाखला बरोबरच निघेल बघा.

नकुशी


न्हावरे,
५ नोव्हेंबर १९९८

रंभाताई,

भाऊबीज करून येऊन पंधरा दिवस झाले. दाखला नाही आणला.

अण्णांना म्हटलं, कार्ड काढा. अण्णांनी पत्र्याची पेटी उघडली, कार्ड दिलं आणि मला म्हणाले, "च्या पी आधी." तेव्हाच मला कळायला हवं होतं. कार्डावर अण्णा, आई. मोठ्या तिघी बहिणींची नावं, त्यांच्यावर रेघा, लग्न झालं तशी एकेक मारलेली. खाली माझा भाऊ. तिघींच्या आणि भावाच्या मध्ये काहीच नाही. कार्ड मी उलटं करून पण बघितलं, मागं कोणी लिहिलं असेल म्हणून.

अण्णा म्हणाले, "चौथी बी पोरगीच झाली म्हणल्यावर मन झालं न्हाई गं दौंडला जायाचं. मग राहूनच गेलं." आई ओरडली त्यांच्यावर, "आता सांगताय व्हय!" जसं काही तिला माहीतच नव्हतं. वीस वर्षं त्या घरातली साखर खाल्ली, कुणाच्या वाट्याची खाल्ली कोण जाणे.

मी भांडले नाही. नेहमी भांडते, तुम्हाला माहीतच झालंय आता. भावाला ओवाळलं आणि पुढली एसटी धरली. गाडीत शेजारी एक म्हातारी होती. तिनं विचारलं, "माहेराहून आली व्हय?" मी हो म्हटलं आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. ओळख ना पाळख. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि एक पेरू दिला.

ताई, तुमचं नाव दोघींच्या कामी आलं. माझं एकाही कार्डाला लागत नाही. ज्याचं नाव कुठं घातलंच नाही, ते कमी कसं करणार? अंगणवाडीचं राहू दे आता. आत्याबाई कधी नव्हे ते म्हणाल्या, "दुसरी गावंल की नोकरी." मला नोकरीचं एवढं नाही. मी कुठंतरी असायला पाहिजे ना?

भारत आता मला नकुशी म्हणतात. पहिल्यांदा हाक मारली तेव्हा मी मागं वळून बघितलं, कोणाला म्हणताहेत. कबूल केलं त्यांनी, रंभा म्हणून हाक मारायला तोंड कधी उघडलंच नाही, म्हणून दोन वर्षं नुसतं 'अगं'.

नकुशी


न्हावरे,
२ डिसेंबर १९९८

रंभाताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा कळलं नाही, दुसऱ्यांदा विश्वास बसला नाही, तिसऱ्यांदा भारतला वाचून दाखवलं.

तुम्ही लिहिताय, तुमच्या नव्या कार्डाचा अर्ज अजून तलाठ्याकडं आहे, त्यात घरातली माणसं लिहायची आहेत, आणि तुमच्या खाली माझं नाव लिहिणार. नातं बहीण. नव्या कार्डाला शाळेचा दाखला चालतो म्हणे. मग माझं नाव तिथं असेल, आणि तिथून ते रीतसर कमी करून इकडं आणता येईल. काय डोकं आहे हो तुमचं! आणि आत्याबाई म्हणायच्या, रंभाला यवहार कळत न्हाई.

पण ताई, मला एक सांगा. तुमचं घर मोडून मी इथं बसले. तुमच्या हंड्यानं पाणी भरते. तुमच्या नवऱ्याला जेवायला वाढते. मी तुमच्या जागी असते तर माझं एवढं मन झालं नसतं, मी स्वतःला ओळखते. तुम्ही लिहिलंय, "सहा वर्षांचं जे ओझं तू एका पत्रात उतरवलंस, त्याच्यापुढं एक ओळ म्हणजे काय." ते वाचून मी गोठ्यात जाऊन बसले. गाय चाटायला लागली तेव्हा उठले.

तुम्ही शाळेच्या दाखल्याची नक्कल मागितलीत. नक्कल नाही, खरा दाखलाच रजिस्टर करून पाठवतेय. तलाठी शंका काढायला नको. आत्याबाई म्हणाल्या, "हरीवला तर?" माझं नाव लिहिलेला एवढा एकच कागद आहे जगात. हरवला तर मी गेलेच. पण तुमच्याकडं पाठवताना दोनदा विचार केला नाही. अण्णांकडं पाठवायचा असता तर केला असता.

बहीण लिहिणं खोटं आहे का, असं भारतनं विचारलं. मी म्हटलं, तुम्हीच दोघींना एका नावानं आणलंत, आता नातं आम्ही लावू ते.

नकुशी


न्हावरे,
१० जानेवारी १९९९

रंभाताई,

कार्डाची झेरॉक्स मिळाली. घरात सगळ्यांना बोलावून वाचली. एक, रंभा, कुटुंबप्रमुख. कुटुंबप्रमुख! दोन, नकुशी, बहीण. आत्याबाईंनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "म्हंजी तिचं घर आता तुझं म्हायेर झालं व्हय?" मी म्हटलं, व्हय. तर म्हणाल्या, "मंग रिकाम्या हातानं जाऊ नगं." शेंगदाणे फोडायला बसल्यात, लाडू करायचेत म्हणून. तुम्हाला त्यांचा लाडू गोड लागेल का माहीत नाही. नाही लागला तर सगळे मी खाते.

तलाठ्यानं विचारलं ही कोण, तर तुम्ही म्हणालात, "धाकटी. लाडाची हाय, पत्रंच लई लिहिती." असं म्हणालात खरंच? की मला बरं वाटावं म्हणून लिहिलंत? दुसरं असलं तरी चालेल.

आता पुढचं ठरवलंय. शनिवारी मी केडगावला येते, रविवार राहते, सोमवारी आपण दोघी दौंडला कचेरीत जाऊ. तिथं माझं नाव कमी करून दाखला घ्यायचा. मंगळवारी भारत मला शिरूरला नेतील. अर्जाला मग दहा-बारा दिवस राहतात, भरपूर झाले. वस्तीवरची बारा पोरं आत्तापासून मला बाई म्हणायला लागलीत, अर्ज भरला नाही तर माझी धडगत नाही.

पण त्याआधी तुमच्याकडं एक मागणं आहे, आणि नाही म्हणायचं नाही.

तुम्ही लिहिलंय, गल्लीत संक्रांतीची हळदीकुंकवं सुरू होतील, तुम्हाला कोणी बोलवत नाही, एकीनं बोलावलं होतं तर ओटीच्या ताटाला हात लावू दिला नाही. नवऱ्यानं टाकलेली, त्यात पोर नाही. हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, शेवटच्या ओळीच्या वर, जसं काही पाणी किती वाजता येतं ते लिहावं. मी तिथंच थांबले.

माझी ओटी तुम्ही भरायची. रविवारी सकाळी, पाटावर बसवून, तांदूळ, नारळ, खण, सगळं. शेजारणींना बोलवा, बघू देत. कोणी काही बोललं तर बोलायला मी आहे, तुम्ही फक्त भरायची. ताई, माझं लग्न झालं तेव्हा मांडवातून पाठवणी झाली ती तुमच्या नावाची झाली. नकुशीला अजून कुणी कुठून पाठवलेलंच नाही. माहेर म्हणून जिथं नाव होतं असं वाटायचं, तिथं नव्हतं. आता आहे, तर लेकीसारखं जेवायला घाला, ओटी भरा, आणि दारापर्यंत येऊन म्हणा, "जा बाई, नीट राहा." मग सोमवारी साहेबानं माझ्या नावावर खुशाल लाल रेघ मारू दे. तिघी बहिणींच्या नावावर आहे तशीच, लग्न होऊन गेलेल्या मुलीची.

खण हिरवा घ्या. पिवळा मला शोभत नाही. शनिवारी नऊच्या एसटीनं निघते, पारगावच्या पुलावर गाडी खोळंबली नाही तर अकरापर्यंत पोचेन. तुम्हाला मी कधी बघितलेलं नाही, तेव्हा स्टँडवर उभ्या राहा आणि मला हाक मारा.

तुमची धाकटी,
नकुशी